लाल पाणी आणि तात्यांचा भंडारा

सन १९३७. मी बावीस वर्षांचा होतो, उणंअधिक एखादं वर्ष धरा, कारण माझा जन्म कुणी लिहून ठेवलेला नाही. शिक्षण मराठी दुसरी. तिसरीत बसल्या बसल्या गुरुजींनी छडी उगारली, ती मी धरून मोडली आणि शाळा तिथंच संपली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. जेवढं अक्षर आलं तेवढ्यावर हे लिहितो आहे. ज्याला चुका काढायच्या असतील त्यानं समोर येऊन काढाव्यात.

आमचं गाव कळसच्या अलीकडं. खालच्या अंगाला कालव्याचं पाणी आणि बागाईतदारांचा ऊस, वरच्या अंगाला माळ आणि आम्ही मेंढरंवाले. त्या वैशाखात गावात पटकी, म्हणजे कॉलऱ्याची साथ, शिरली. सकाळी भाकरी थापणारी बाई दिवस मावळायला तिरडीवर असायची. रडायलासुद्धा लोकांच्या अंगात पाणी राहिलं नव्हतं.

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी, बारामतीला एका दवाखान्यात शिपाई होते. सासुरवाडीचं गाव, जावयाचं लोक ऐकतील, म्हणून साहेबानं त्यांच्याकडंच औषधाचा डबा देऊन त्यांना आमच्याकडं पाठवलं. डब्यात काळेजांभळे खडे होते. चिमूटभर खडे बादलीत विरघळवायचे आणि ती बादली विहिरीत वरखाली हिसळायची. पाणी डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल व्हायचं. दाजींनी सकाळी मोठ्या विहिरीत ते टाकलं, आणि दिवस डोक्यावर यायच्या आत गावात त्याच्या चार गोष्टी झाल्या.

त्या काळी बातम्या बारामतीच्या बाजारातून मीठमिरचीच्या गाठोड्याबरोबर यायच्या. मत टाकायला गेलं की पलटणीत नाव लागतं. पेढीत ठेवलेला चांदीचा रुपया परत येतो तो कागद होऊन येतो. देवी टोचलेल्या पोराला पुढं मिशा फुटत नाहीत. मी ह्या सगळ्या तपासल्या होत्या. मत टाकून आलेल्या एका म्हाताऱ्यावर मी बरेच दिवस नजर ठेवली. त्याला कुणी पलटणीत नेलं नाही, आणि नेलं असतं तर पलटणच पळाली असती. मिशांचं खोटं पाडायला माझा स्वतःचा ओठ पुरला. तरी चावडीपुढं एकानं वाद घातला, तेव्हा त्याचा दात पाडावा लागला. माझी तपासणी अशी होती. आधी डोळ्यानं, मग हातानं.

लाल पाण्याचं असं उठलं की सरकारला कालव्याखाली आणखी रान पाहिजे. माणसं मेली की रान बेवारस. म्हणून पटकीही सरकारनंच आणली आणि उरलेल्यांसाठी हा डबा धाडला. बायकांत निराळंच चाललं होतं, की हे पाणी प्यालं की कूस बंद होते. मी घरोघर सांगत फिरलो की हे पाणी मी स्वतः पोटभर प्यालो आहे. एक म्हातारी म्हणाली, "तुझी कुठं कूस हाय रं मुडद्या?" मी पुढच्या घराकडं वळलो.

आणि भर दुपारी विहिरीवरून आरोळी आली.

माझे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, आपली मेंढरं पाण्यावर घेऊन आले होते. दगडी डोणीत तेच लाल पाणी होतं. मेंढरं प्यायली, मागं फिरली आणि धडाधड पडायला लागली. पाय झाडायची, मान मागं ताणायची, तोंडाला फेस. मी पोचलो तोवर सात मेंढरं आडवी झाली होती आणि आठवं माझ्या पायापाशी पडलं. तात्या छाती बडवत होते. "इख! इहिरीत इख घातलंय त्या जावयानं! आरं, माजी मेंढरं मारली, उद्या तुमची लेकरं मारंल!"

बघणाऱ्यांना ह्याहून जास्त काय लागतं? ज्या घरांत मढी झाली होती त्या घरांतली माणसं आधी धावली. दाजी आमच्या सोप्यात भाकरी खात होते. त्यांना ताटावरून उठवलं ते केसाला धरून. जावयाला पाट दिल्याशिवाय कुणी बसवत नाही अशी आमची रीत. त्याच जावयाला त्या दिवशी गावानं पायरीवरून खाली ओढत नेलं. त्यांचं डोकं प्रत्येक पायरीला आपटलं, तो आवाज मला अजून येतो.

"पाव्हणं, जेवान झालं का?" एकानं विचारलं आणि तोंडावर लाथ घातली.

"आवं, औषद हाय त्ये," दाजी म्हणत होते. "मीबी तेच पाणी..." पुढं त्यांच्या तोंडातून रक्त आलं. चावडीपुढच्या लिंबाला त्यांना मोटेच्या सोलानं, त्या जाड दोरानं, बांधलं. एकानं काठी घातली ती त्यांच्या डाव्या हातावर बसली. हात कोपराखाली वाळल्या काटकीगत मोडला. आक्का, माझी बहीण, मधी पडली तर तिच्या पाठीत दगड बसला. मी दोघांना लोळवलं. मला तिघांनी धरलं.

मग कुणाच्या तरी डोक्यात ती युक्ती आली. मला वाटतं आधी ती चेष्टाच होती.

"औषद हाय म्हणतोय नव्हं? मग खाऊ दे की त्यालाच. समदा डबा खाऊ दे."

गर्दी हसली. हसता हसता दोघं आमच्या सोप्याकडं धावले. ती चेष्टा आता चेष्टा राहिली नव्हती. डबा आणला. झाकण उघडलं. दाजींनी तो बघितला आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. दवाखान्यात राहिलेला माणूस. चिमूट विहिरीला पुरते आणि मूठभर खडे माणसाचा घसा, आतडं जाळत जातात, हे त्यांना माहीत होतं. ते ओरडले, "न्हाय, न्हाय, असं कोरडं खायाचं नसतंय त्ये!"

"बगा! बगा कसा नगं म्हणतोय!" लोक ओरडले. त्यांच्या लेखी तपास पुरा झाला होता.

मला धरलेल्यांना मी हिसका दिला. म्हटलं, "थांबा! मेंढरांस्नी किरळ लागली असंल. तोंडचा फेस हिरवा हाय."

हे सांगायला पाहिजे. कापलेल्या कडवळाला, म्हणजे वैरणीच्या ज्वारीला, कालव्याच्या पाण्याची पाळी चुकली की बुडख्यांना खुरटे फुटवे येतात. ते फुटवे विषारी असतात. मेंढरू खातं, तहानतं आणि घटकेत मरतं. आम्ही त्याला किरळ लागणं म्हणतो आणि आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. म्हणून माझ्या बोलण्यावर गर्दी जराशी थबकली. कडवळ सबंध शिवारात एकाच रानात होतं, खालच्या बागाईतदाराच्या. त्याच्या रानात मेंढरू शिरलं तर मेंढरू कोंडवाड्यात आणि धनगर ओल्या फोकाखाली, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तो बागाईतदार तिथंच उभा होता. त्यानं तात्यांकडं बघितलं.

तात्यांनी कमरेची पिशवी सोडली. बिरोबाचा भंडारा मुठीत घेतला, हात वर केला आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "माज्या मेंढरांनी आज माळाच्या वाळल्या काडीबिगर तोंडात काय घेतलं असंल तर माजा वंस बुडू दे."

आमच्यात भंडारा उचलला की बोलणं संपतं. त्याच्यावर पंच नाही, सरकार नाही. खून केलेला माणूसही भंडारा समोर आला की खरं बोलतो अशी समजूत. पिवळी धूळ त्यांच्या मनगटावरून खाली सांडत होती आणि मला दिसत होतं की लोकांचे चेहरे मिटत चालले आहेत. डबा धरणारा पुढं सरकला.

माझे वडील, आबा, भावाशेजारी उभे होते. मी त्यांना म्हटलं, "आबा, म्या एक मेंढरू फाडून बघतो. कोथळ्यात वाळली काडी निघाली तर मला बी बांधा दाजीसंगं."

आबांनी कानफटात मारली. "भंडारा उचलल्यावर कोथळा बगायचा? बिरोबाला खोटं पाडतोस व्हय रं?"

"बिरोबा मेंढरं चारत न्हाय. तात्या चारत्यात."

दुसरी बसली. पण गर्दीतला एक म्हातारा मेंढका म्हणाला, "बगू द्या की. मेलेल्याच्या पोटात बगाया काय जातंय?" आणि डबेवाल्याचा हात थांबला. थांबला म्हणजे खाली गेला नाही, नुसता थांबला. आक्का दाजींच्या गळ्यात पडून बसली होती. तिला ओढून काढायला त्यांना जेवढा वेळ लागेल तेवढाच माझ्याजवळ होता.

मी विहिरीकडं पळालो. मेंढरं तिथं नव्हती. तात्या माझ्याआधी कधी सटकले ते मी पाहिलं नव्हतं. आपल्या गड्याला घेऊन ते मेंढरं ओढ्याच्या कडेवरून खाली ढकलत होते. वर माती लोटत होते. ते बघितलं आणि माझा उरलासुरला संशय गेला. धनगर मेलेलं मेंढरू कातडं सोलल्याबिगर कधी पुरतो? लोकर कातरल्याबिगर? तात्या तर मेलेल्या कोकराच्या शेपटाचासुद्धा उपयोग करणारा माणूस.

"तात्या, कातडी?" मी विचारलं.

"इखारी जनावर हाय. हात लावू नगंस."

"तुमी तर उघड्या हातानं ढकलताय की."

त्यांनी कुऱ्हाड उचलली. सख्खा चुलता, ज्यानं मला खांद्यावर बसवून सुप्याच्या बाजारात फिरवलं होतं. दांडा माझ्या खांद्यावर बसला. पातं बसलं नाही, ते त्यांनी जाणून केलं का चुकलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मी त्यांच्या पोटात डोकं घातलं. दोघं कडेवरून खाली मेंढरांवर पडलो. त्यांनी माझा कान चावला. मी त्यांचा गळा धरून डोकं दगडावर एकदा आपटलं आणि ते सैल झाले. गडी दोन्ही हात वर करून उभा राहिला, "म्या न्हाय, म्या न्हाय" करत. मी एक मेंढी खांद्यावर टाकली आणि वर चढलो. मेलेली मेंढी जिवंत मेंढीच्या दुप्पट जड लागते. खांद्याचं हाड सरकलं होतं. शिव्या देत चढलो, बिरोबालासुद्धा सोडलं नाही.

चावडीपुढं आलो तेव्हा आक्काला बाजूला ओढून दोन माणसं तिच्या हातांवर बसली होती. एकानं दाजींचं नाक दाबलं होतं आणि दुसऱ्यानं डबा तोंडाशी नेला होता. त्यांचा ओठ जांभळा झाला होता. मी मेंढी त्या डबेवाल्याच्या अंगावर फेकली. तो मेंढीखाली आडवा झाला, डबा उडाला. दाजी थुंकले आणि पहिली गोष्ट काय बोलावी? "डबा उचला कुणीतरी, अजून दोन इहिरी ऱ्हायल्यात!"

आबा काठी घेऊन आडवे आले. "फाडलंस तर तू माजा न्हाईस."

"बरं," मी म्हटलं.

त्यांनी काठी घातली. मी गुडघ्यावर बसलो होतो, ती पाठीवर बसली. मी कमरेची सुरी मेंढीच्या बरगडीखाली घातली. दुसरी काठी बसली. मी सुरी खाली ओढली. तिसरी मानेवर बसली तेव्हा डोळ्यांपुढं अंधार आला, पण तोवर पोट उघडलं होतं आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत आत होते. कोथळा फुगून टम्म झाला होता. त्याला नुसतं टोक लावलं तर तो फस्सकन फुटला, आणि पुढं उभ्या असलेल्यांच्या धोतरांवर हिरवा रस उडाला.

मी मुठीनं बाहेर काढलं. सगळं हिरवं. वैशाखात, जेव्हा माळावर करडाच्या वाळल्या गवताशिवाय आणि बाभळीच्या शेंगांशिवाय काही नव्हतं. नीट चावलेलंसुद्धा नव्हतं, फुटव्याची अख्खी पानं, आतल्या कोवळ्या पोंग्यासकट. मी ती मूठ बागाईतदाराच्या पायावर आपटली.

तो वाकला. एक पान बोटावर उलगडलं, वास घेतला. "माजं कडवळ," तो हळूच म्हणाला. मग मोठ्यानं, "माजंच कडवळ!"

आबांच्या हातात काठी वरच राहिली.

एवढ्यात तात्या डोकं धरून ओढ्याकडून आले. त्यांना वाटलं असेल अजून काही झालेलं नाही. गर्दीनं त्यांच्याकडं तोंड फिरवलं. मला वाटलं होतं, खरं कळलं की लोक शरमतील, दाजींना सोडतील, घरी जातील. माझी मोठी समजूत होती ती. ज्या हातांना मारायचं होतं त्यांना फक्त दुसरं अंग सापडलं. बागाईतदारानं पहिली लाथ घातली. तात्यांचा पटका उडाला, तो तुडवला गेला. ज्यांनी दाजींना बांधलं तेच आता तात्यांना दगड मारत होते, आणि जास्त जोरात, कारण आता देवाचाही राग त्यांच्या बाजूला होता. "भंडारा खोटा उचलतोस? वंस बुडवतोस? पाजा ह्यालाच डबा!"

तात्या एकदाच बोलले. "मला वाटलं पाव्हणा चार फटकं खाईल आन जाईल बारामतीला. जीव घेत्याल असं न्हवतं वाटलं."

डबा परत माणसांच्या हातात दिसला आणि मी तात्यांच्या अंगावर उभा राहिलो. हातात सुरी, कोपरापर्यंत रक्त आणि हिरवा चोथा. म्हटलं, "ह्यो माजा चुलता हाय. ह्याला म्या खोटा पाडलाय, म्याच. तुमी कोण? मगाशी इख म्हणत हुता. आता पुढं या, एकेकाचं पोट फाडून बगतो काय काय निगतंय." एकजण आला. त्याचं मनगट मी कापलं, फार खोल नाही. तो अजून जिवंत आहे आणि ती खूण नातवांना दाखवतो.

आबा आले. त्यांनी आधी माझ्या पाठीत अजून एक काठी घातली, सगळ्यांसमोर. मग वळून तीच काठी गर्दीवर धरली आणि माझ्या शेजारी उभे राहिले. लोक शिव्या देत, मागं बघत पांगले. दाजींचा दोर सोडायलासुद्धा कुणी थांबलं नाही, तो आक्कानं दातांनी सोडला.

दिवस कलता कलता तात्यांना घरात नेऊन टाकलं. कपाळावरची कातडी लोंबत होती, त्यावर मी हळद दाबली. त्यांनी एक डोळा उघडला.

"देवाला खोटा पाडलास," ते म्हणाले.

"देवाला न्हाय. तुमास्नी."

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. बाहेर पारावर तोवर नवी बातमी तयार झाली होती: कडवळ काही असं मारत नाही, सरकारनंच कालव्याच्या पाण्यात काहीतरी सोडलं असणार, म्हणून कडवळ विषारी झालं. मी फाडलेल्या कोथळ्याचाच पुरावा ते त्यासाठी देत होते. मी ऐकलं, पण उठलो नाही. खांदा हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच आक्कानं दाजींना गाडीत घातलं आणि बारामतीच्या वाटेला लागली. जाताना दाजींनी डबा माझ्या हाती दिला आणि औषध किती टाकायचं ते तीनतीनदा सांगितलं. मग मी तात्यांच्या मेंढवाड्याचं फाटक उघडलं. मेंढरं रात्रभर ओरडत होती, आणि धनी अंथरुणातून उठणार नव्हता. ती मोठ्या विहिरीवर नेली. पाण्याचा रंग रात्रीतून उडाला होता. मी चिमूटभर खडे बादलीत विरघळवले, बादली चांगल्या हातानं विहिरीत वरखाली हिसळली आणि पाणी परत लाल होईपर्यंत उभा राहिलो. घागरी घेऊन आलेल्या बायका लांब थांबल्या. मी डोण भरली, आधी स्वतः ओंजळीनं प्यालो, मग मेंढरं सोडली. एका हाताला कुऱ्हाड ठेवून विहिरीच्या कट्ट्यावर ऊन चढेपर्यंत बसलो, बघणाऱ्यांना हवं तेवढं बघू दिलं. एकही मेंढरू पडलं नाही. मग ती हाकलत माळाला घेऊन गेलो, कडवळाच्या रानाला लांबचा वळसा घालून.